यंत्र बंद, काम चालू

चालू सर्व्हरचं पुढचं झाकण उघडा. आत ओळीनं चार हार्ड डिस्क दिसतील. त्यातली कुठलीही एक, खटका दाबून, सरळ बाहेर ओढा. सर्व्हर नीट उभारलेला असेल तर एक लाल दिवा लागेल, कदाचित भोंगा वाजेल, आणि बस्स. अकाउंट्समध्ये बिलं बनत राहतील, डिझाइनवाल्यांची ड्रॉइंग्ज उघडत राहतील. त्या ड्रॉइंग्जचे काही तुकडे तुमच्या हातातल्या डिस्कवर होते. त्यांची नक्कल दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर नव्हती. तरीही पडद्यावर आलेल्या ड्रॉइंगमध्ये एक रेघसुद्धा कमी नसते.

हरवलेले तुकडे आले कुठून?

प्राथमिक शाळेतल्या गणितातून! समजा, पहिल्या तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज, २०. आता दुसरी डिस्क मेली. २० मधून ७ आणि ९ वजा करा. उरले ४. गेलेला आकडा परत मिळाला. प्रत्यक्षात संगणक याहूनही साधी गोष्ट करतो. तिन्ही डिस्कवरच्या त्या-त्या जागेतले १ मोजायचे आणि ते सम आहेत की विषम एवढंच चौथीकडे टिपून ठेवायचं. हातच्याची भानगड नाही की वजाबाकी नाही. आणि यातली खरी गंमत पाहा: चौथ्या डिस्कवर कुणाचीच नक्कल नाही, पण जी मरेल तिची नक्कल तिथून निघते. कुठली मरणार हे आधी ठाऊक असण्याची गरजच नाही.

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी हा विचार एका शोधनिबंधात पद्धतशीर मांडला आणि त्याला ‘रेड’ हे नाव दिलं. त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या मेनफ्रेमला अवाढव्य, महागड्या डिस्क लागत. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात येऊ लागल्या होत्या. अशा शंभर एकत्र बांधल्या तर? जागा मिळते, वेग मिळतो, पण भरवसा पार बुडतो. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं तर शंभरांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी एक मरणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! डिस्क न मरणारी बनवायच्या मागे हे तिघं लागलेच नाहीत. मरू दे तिला, काम थांबता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. अभियांत्रिकीतल्या सगळ्यात देखण्या निर्णयांपैकी हा एक, असं मला मनापासून वाटतं. कारण आज वीस माणसांच्या कारखान्यात जे काही संगणकी सामान निवडायचं असतं, मग तो डेटाचा साठा असो, सर्व्हर असो की टेलिफोन, त्या सगळ्याच्या मुळाशी हाच एक निर्णय आहे.

असाच एक कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा. हिशेबाला टॅली, मशीनवर जाणारी हजारो ड्रॉइंग्ज, हजेरीचं यंत्र, दहा-बारा टेलिफोन, आणि मधूनमधून जाणारी वीज.

साठ्याचं आधी पाहू, कारण तिथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. एका डिस्कवर बेरीज ठेवली तर एक मेलेली डिस्क सोसते. दोन मेल्या तर? त्यासाठी दुसरी, वेगळ्या प्रकारची बेरीज लागते. तिचं गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्येच मांडून ठेवलं होतं, डिस्कचा ताफा कुणाच्या स्वप्नातही नसताना. हेच गणित तुम्ही रोज वापरता. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड मळलेला असतो, कोपरा फाटलेला असतो, तरी मोबाइल तो वाचतो आणि पैसे जातात. फाटलेले चौकोन उरलेल्या चौकोनांवरून काढणारे तेच रीड आणि सॉलोमन!

पण ही दुसरी बेरीज छोट्या कारखान्याला खरंच लागते का? हिशेब करून पाहा. ८ टीबीच्या चार डिस्क आहेत, त्यातली एक मेली. नवीन डिस्क बसवली की तिच्यावर जुनी पुन्हा घडवायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे २४ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना एखादा वाचता न येण्याची शक्यता गृहीत धरा. इतके बिट म्हणजे साडेबारा टीबी! पुष्कळ डिस्क कागदावरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण धंद्याची ड्रॉइंग्ज त्या भरवशावर ठेवायची नसतात. शिवाय हे वाचन अर्धाएक दिवस सहज चालतं, आणि बाकीच्या डिस्कही त्याच वयाच्या असतात. म्हणून मोठ्या डिस्क घेणार असाल तर दोन बेरजांची रचना घ्या, किंवा सरळ जोड्या लावून आरसा-नक्कल ठेवा. एका डिस्कचे पैसे वाचवायला जाऊ नका.

आता याच्या पोटातला धोका. ही सगळी यंत्रणा अत्यंत प्रामाणिक आहे. कुणी चुकून फोल्डर पुसलं तर ती ते चारही डिस्कवरून तितक्याच इमानदारीनं पुसते. खंडणीखोर व्हायरसनं फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइली ती जिवापाड जपते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य सर्व्हरच्या दारावर चिकटवून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे.

त्यावरचा एक उपाय मात्र पहिल्यांदा पाहताना जादूच वाटतो. दोन टीबीचा साठा आत्ता, या क्षणी, जसा आहे तसा जपून ठेवायचा आहे. किती वेळ लागेल? काही तास? एक सेकंदसुद्धा नाही! कारण काहीच कॉपी होत नाही. कुठली फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तेवढी गोठवायची. यापुढे कुणी फाइल बदलली की नवा मजकूर नव्या जागी लिहायचा, जुन्या जागेला हात लावायचा नाही. जुनी अनुक्रमणिका वाचा, तासाभरापूर्वीचं जग दिसतं. नवी वाचा, आत्ताचं. याला स्नॅपशॉट म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्सनं २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही साठ्याची पद्धत अशीच चालते. वर ती प्रत्येक तुकड्याची एक तपासणी-संख्या वेगळी ठेवते आणि वाचताना दर वेळी ताडून पाहते. डिस्क कधी कधी चुकीचा बिट देते आणि वर ‘सगळं ठीक’ असंही सांगते. झेडएफएस तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. आणि ही पद्धत आज फुकट मिळते. साठ्याची पेटी घेताना मी आधी हेच विचारीन की स्नॅपशॉट आणि तपासणी-संख्या आहेत का. बाकीची जाहिरात नंतर.

तर आकडे डिस्कपासून सुटले. आता याहून धाडसाचा प्रश्न: अख्खा संगणकच त्याच्या पेटीपासून सोडवता येईल?

येतो, आणि ही युक्ती तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा फार जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात १९६४ मध्ये काही जणांनी सीपी-४० नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि १९६७ च्या सुरुवातीला तो चालू झाला. एकाच मेनफ्रेमवर अनेक जण काम करत, आणि प्रत्येकाला आपल्यापुढे एक संपूर्ण, स्वतंत्र संगणक आहे असं दिसे. जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं हे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक बिऱ्हाडाची पक्की खात्री असते की सगळा वाडा आपलाच, शेजारी कुणी राहतच नाही.

हा भ्रम टिकतो कसा? प्रोसेसरकडे काही हुकूम असे असतात की ते फक्त मालकानंच द्यायचे: मेमरीची वाटणी करा, डिस्कला हाक मारा. भाडेकरूनं असा हुकूम दिला की प्रोसेसर थबकतो आणि खऱ्या मालकाला उठवतो. हा मालक म्हणजे हायपरवायझर. तो पाहतो, भाडेकरूला हवं तसं उत्तर तयार करून देतो आणि पुन्हा बाजूला होतो. भाडेकरूला पत्ताही लागत नाही. जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये याची अट काटेकोरपणे मांडली. थोडक्यात: मालकाच्या अधिकाराला हात घालणाऱ्या प्रत्येक हुकमावर प्रोसेसर थबकला पाहिजे.

आणि इथेच पीसीची गाडी अडली. तुमच्या-माझ्या टेबलावरच्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरमध्ये १७ हुकूम ही अट मोडणारे निघाले. त्यातला एक तर फारच चतुर. भाडेकरूनं त्याच्या आधारे ‘आता मला कुणी मधेच हटकू नका’ असं सांगायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर हुकूम पाळतही नाही आणि तक्रारही करत नाही. काही घडलंच नाही असं दाखवून पुढे जातो. मालकाला कळणार कसं? हे यंत्र या कामाला नालायक, असंच पुष्कळ जाणकारांचं मत होतं.

१९९८ मध्ये डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या साथीदारांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी हे अशक्य काम पीसीवर करून दाखवलं. त्यांची युक्ती वाचताना अंगावर काटा येतो. भाडेकरूची ऑपरेटिंग सिस्टिम चालण्याच्या क्षणभर आधी तिचा कोड वाचायचा, त्यातले घातक हुकूम हेरायचे आणि त्यांच्या जागी निरुपद्रवी हुकूम घालून मगच प्रोसेसरकडे सोडायचा. विंडोजच्या पुढ्यात तिचाच कोड बदलत जायचा, आणि तिला कळूही द्यायचं नाही! हे सगळं इतक्या चपळाईनं, की वापरणाऱ्याला नेहमीचं काम नेहमीच्याच वेगानं चाललंय असं वाटावं. पुढे २००५ मध्ये इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं ही सोय प्रोसेसरमध्येच घातली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सचाच भाग झाला. एकेकाळी मेनफ्रेम बाळगणाऱ्यांचं वैभव असं फुकट झालं.

कारखान्याला याचा उपयोग काय? टॅलीचा सर्व्हर, फाइलींचा सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर, टेलिफोन एक्स्चेंज हे चार वेगळे संगणक आता चार फाइली होतात. फाइल कॉपी करता येते, दुसरीकडे नेता येते, तिचा स्नॅपशॉट घेता येतो. इतकंच काय, चालू संगणक न थांबवता एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवता येतो! आधी त्याची सगळी मेमरी नेटवर्कवरून पलीकडे पाठवायची. तेवढ्यात तो चालूच असल्यानं काही पानं बदललेली असतात, ती पुन्हा पाठवायची. त्या फेरीत आणखी थोडी बदलतात, तीही पाठवायची. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान. अगदी चिमूटभर उरलं की क्षणभर श्वास रोखायचा, तेवढं पाठवायचं आणि पलीकडे जागं करायचं. केंब्रिज विद्यापीठातल्या आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ मध्ये याचं वर्णन लिहिलं, तेव्हा चालू खेळाचा सर्व्हर त्यांनी असा हलवला होता आणि खंड पडला होता फक्त ६० मिलिसेकंदांचा. खेळणाऱ्यांच्या हातातला डाव मोडला नाही.

आता टेलिफोन. इथली गोष्ट मला विशेष जवळची वाटते, कारण तिचा नायक एक छोटा धंदेवाला आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर नावाचा कॉलेजातला मुलगा लिनक्सची मदत विकण्याचा धंदा काढत होता. फोन घ्यायला एक्स्चेंज हवं, आणि ते परवडेना. तेव्हा त्यानं ते स्वतःच लिहून काढलं, साध्या पीसीवर चालणारं, आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. त्याचं नाव अ‍ॅस्टरिस्क. आज छोट्या ऑफिसांमधली कितीतरी एक्स्चेंज आतून तीच असतात.

पण आवाज सॉफ्टवेअरमध्ये शिरतो कसा? तुम्ही ‘हॅलो’ म्हणता तेव्हा फोन सेकंदाला ८,००० वेळा तुमच्या आवाजाच्या लाटेची उंची मोजतो. मोजपट्टीच्या खुणाही समान अंतरावर नसतात. हळू आवाजासाठी बारीक, मोठ्यासाठी ढोबळ, कारण कानालाही तसंच ऐकू येतं. अशी १६० मापं झाली की एक पाकीट बंद होतं. म्हणजे २० मिलिसेकंदांचा आवाज. सेकंदाला ५० पाकिटं निघतात, प्रत्येक आपापल्या वाटेनं. काही उशिरा पोचतात, काही पुढेमागे होतात, काही हरवतात. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवत नाहीत, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. पलीकडचा फोन मग शेवटचा आवाज किंचित लांबवून ती फट बुजवतो. आणि समोरचा गप्प बसला की कधी कधी फोन स्वतःच मंद खरखर तयार करून ऐकवतो, कारण पूर्ण शांतता कानावर पडली की माणूस ‘हॅलो, हॅलो?’ करायला लागतो. केवढी ही माणसाची समज!

निवडताना यातून काय घ्यायचं? एक कॉल सेकंदाला साधारण ९० किलोबिट खातो. दहा कॉल एकदम चालले तरी एक मेगाबिटसुद्धा लागत नाही. तेव्हा फोनसाठी इंटरनेटचा वेग वाढवून घ्या असं कुणी सांगितलं तर थांबा. आवाजाला रुंदी पुरते, उशीर सोसत नाही. एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सुरळीत वाटतं. काचेच्या तंतूतून कोल्हापूरहून मुंबईला प्रकाश जायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. जाणवणारा उशीर बहुतेक वेळा तुमच्याच राउटरच्या दारातल्या रांगेत होतो, कुणी मोठी ड्रॉइंग पाठवत असलं की. म्हणून आवाजाच्या पाकिटांना रांगेत पुढे घेणारा राउटर आणि स्विच घ्या. दुसरं म्हणजे वीज. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून तारेवरूनच वीज यायची, म्हणून अंधारातही ती वाजायची. आयपी फोनला ते भाग्य नाही. नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा स्विच घ्या आणि तो स्विच, राउटर, फायबरची डबी सगळं एका यूपीएसवर ठेवा. आणि इंटरनेटवरचे कॉल बाहेरच्या फोनच्या जाळ्याशी जोडायचे ते परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडून सिप ट्रंक नावाची जोडणी घेऊनच. आडवाटेनं स्वस्तात जोडून देणारे भेटतात, ते बेकायदा आहे.

आता तिन्ही एकत्र. एक मोठा, दणकट सर्व्हर घ्यावा की दोन मध्यम? मी डोळे मिटून दोन मध्यम म्हणेन, एकाच घराण्याच्या प्रोसेसरचे, कारण इंटेलवरून एएमडीवर चालता संगणक हलवायला गेलं की अडतं. दोन्हींत स्वतःच्या डिस्क, आणि पहिल्यातले बदल दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्यात. फक्त बदललेला भाग जातो, त्यामुळे हे चुटकीसरशी होतं. पहिली पेटी जळाली तर जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं काम पुन्हा टाइप करायचं.

मात्र दोघांत एक विलक्षण पेच असतो. मधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला. मग दोघंही टॅलीचा तोच सर्व्हर चालू करतात आणि हिशेब दोन वाटांनी जायला लागतो. उपाय? तिसरं मत. पत्त्यांच्या कॅटएवढा एक स्वस्त संगणक कोपऱ्यात ठेवायचा, त्याचं काम फक्त मत देणं. ज्याच्याकडे दोन मतं तो चालतो, एकटा पडलेला गप्प बसतो.

हायपरवायझर कोणता? ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि एकदाच पैसे भरून कायमचं लायसन घेण्याची सोय बंद केली. छोट्या धंद्यांना ते चांगलंच जाणवलं. केव्हीएमवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स फुकट वापरता येतं, मदत हवी तर पैसे भरा. विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती घेणारच असाल तर तिच्यात हायपर-व्ही असतो आणि दोन विंडोज बिऱ्हाडांची परवानगीही. दोन्ही चांगले. तुमच्या गावात रात्री दहाला फोन उचलणारा माणूस ज्याचा जाणकार असेल, तो घ्या. काही सॉफ्टवेअरचं लायसन यूएसबी डोंगलवर असतं, ते आधी तपासा. डोंगल एका पेटीला खोचलेला असेल तर संगणक दुसरीकडे उडी मारू शकत नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वेगळ्या डब्यात ठेवा. दिवसरात्र लिहीत राहणारं ते काम बाकीच्यांचा श्वास कोंडतं.

आणि बॅकअप. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक कारखान्याबाहेर. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं २०२२ पासून नियमानं बंधनकारक आहे. सगळं क्लाउडवरच टाकू म्हणाल तर गणित करा: ५ टीबी, १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वेगानं चालली तरी साडेचार दिवस. आणायलाही तेवढेच. तोपर्यंत मशीनं उभी. म्हणून जवळ एक प्रत लवकर उभं राहण्यासाठी, लांब एक प्रत आग-पुरासाठी, आणि यातली एक तरी नेटवर्कपासून तोडलेली, म्हणजे पासवर्ड चोरणाऱ्यालाही पोचता येणार नाही.

हे सगळं बसवल्यावर महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बॅकअपमधून टॅलीचा सर्व्हर दुसऱ्या पेटीवर, बंदिस्त नेटवर्कात चालू करा. या घडीला तोच संगणक दोनदा जिवंत असतो आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची खबर नसते. दुसऱ्यात जाऊन आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर उघडा, रक्कम जुळते का पाहा, एखादी ड्रॉइंग उघडा, आणि पुरा उभा राहायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. मग तो पुसून टाका.